मधल्या सीटवरून

आपल्याकडे नवी गाडी घ्यायची ठरली की घरातले पुरुष महिनाभर आधीपासून कामाला लागतात. कुणाच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज किती, पिकअप कसा, घाटात तिसऱ्या गिअरवर खेचते की दुसरा टाकावा लागतो... चहावर चहा होतात. मग एका रविवारी सगळे शोरूमला जातात. स्टिअरिंगवर नवरा, शेजारी दीर नाहीतर मेव्हणा, आणि आपण मागे. बायपासपर्यंत एक चक्कर होते. परत आल्यावर आपल्याला विचारलं जातं, ‘‘रंग कुठला घ्यायचा?’’

गाडी कशी आहे हे चालवणाऱ्याला विचारायचं, असा एक समज आहे. पण घरची मोठी गाडी चालवतो एक जण आणि तिच्यात बसतात सहा. त्या सहांत सासूबाई असतात, मुलं असतात, बाळंतपणाला निघालेली नणंद असते. गाडी आरामशीर आहे का आणि भरवशाची आहे का, याचं खरं उत्तर मागे बसलेल्यांकडेच असतं. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

आमच्याकडे अशी एक उंच, सात आसनी, डिझेलवर चालणारी गाडी आहे. २०१७ मध्ये घेतली, आता सव्वा लाख किलोमीटर झालेत. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे कुठेही जायचं म्हणजे घाट किंवा खड्डे, बहुधा दोन्ही. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. आमच्या भिशीत पाच जणींकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशाच उंच गाड्या आहेत आणि पाचही जणींचं रडगाणं थोड्याफार फरकानं एकच आहे!

या गाड्या आपल्या घरात आल्या तरी कशा? आपल्या लहानपणी ‘जीप’ म्हणजे एक तर सरकारी, नाहीतर वडापाची. दहा माणसांच्या जागी सोळा कोंबणारी. मग १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. (हे नाव जपानी पैलवानांवरून नाही बरं का, टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे.) १९९८ मध्ये सफारी आली, २००२ मध्ये नाशिकला तयार होणारी स्कॉर्पिओ, आणि उंच गाडी ही घरची शान झाली. या गाड्यांची बांधणी ट्रकसारखी. खाली लोखंडी चासी, तिच्यावर बॉडी बसवलेली. दणकट खऱ्या, पण चासी खाली असल्यामुळे गाडीचा तळच उंच. पुढे २०१२ ची डस्टर, २०१५ ची क्रेटा अशा गाड्या आल्या. त्यांची बांधणी लहान मोटारीसारखी एकसंध, म्हणून तळ थोडा खाली.

तळ दोन-चार इंच वर की खाली, याला शोरूममध्ये कुणी महत्त्व देत नाही. आमच्या घरात मात्र त्या इंचांनी दोन वर्षं खाल्ली.

झालं असं, की गाडी घेतल्यावर वर्षभरानं सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, कराडला. ऑपरेशन चांगलं झालं. पण हळूहळू त्या कुठेच येईनाशा झाल्या. गुहागरला भाचीचं लग्न, नाही. दापोलीला माहेरी गणपती, नाही. ‘‘तुम्ही जा गं, मी आपली घरी बरी. गुडघा दुखतोय.’’ डॉक्टर तर सांगत होते, चालतं-फिरतं राहा. एकदा दुपारी भाजी निवडता निवडता मी सरळच विचारलं, ‘‘आई, खरंच गुडघा का?’’ तेव्हा म्हणाल्या, ‘‘गुडघा कसला! चारचौघांत मला पोत्यासारखं चढवता तुम्ही. एकानं वरून ओढायचं, एकानं खालून ढकलायचं. पदर कुठे, निऱ्या कुठे! हॉलच्या दारात सगळे बघत असतात. मी नाही येत.’’

एवढ्या हौशीनं सगळ्यांसाठी घेतलेली गाडी, आणि जिच्यासाठी सगळ्यात जास्त लागणार तीच तिच्यात बसायला तयार नाही!

गाडीला कंपनीची पायरी बसवता येते म्हणून ती बसवली. दिसायला छान, पण इतकी अरुंद की चप्पल आडवीच ठेवावी लागे, आणि पावसात गुळगुळीत. शेवटी आमच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक बुटकी चौकी करून घेतली. नऊ इंच उंच, दोन्ही पावलं मावतील एवढी रुंद, आणि खाली चारी पायांना जुन्या टायरच्या रबराचे तुकडे ठोकलेले. तिला एक नाडी बांधली आहे. सासूबाई आधी चौकीवर चढतात, हँडल धरून पाठमोऱ्या सीटवर टेकतात आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतात. ही पद्धत फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवली; एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून कमरेत पीळ द्यायचा नाही, हे त्यांचं मुख्य सांगणं. बसल्यावर नाडी ओढून चौकीही त्या स्वतःच वर घेतात. कुणी हात लावलेला चालत नाही! त्या मे महिन्यात त्या तीन लग्नांना आल्या.

त्याच फिजिओबाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट. गुडघे-कंबर दुखणाऱ्या माणसाला फार उंच सीट जशी वाईट, तशी फार बुटकी सीटही वाईट. बुटक्या गाडीत बसताना धपकन खाली जावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. उभं राहिल्यावर सीट साधारण आपल्या बसायच्या उंचीला आली पाहिजे, ना चढायचं ना वाकायचं. म्हणजे हे घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला शोरूममध्ये नेऊन, साडी नेसून बघायचं काम आहे. कागदावर वाचून कळत नाही.

आता ‘गाडी लागणं’. या विषयावर आमच्या भिशीत एक स्वतंत्र पुस्तक होईल! आवळासुपारी, लिंबू, आलेपाक, गोळी... सगळ्यांच्या पर्समध्ये सगळं असतं. आणि पुढे बसलेले म्हणतात, ‘‘तुझं मनच तसं आहे, आम्हाला नाही ते लागत.’’ अहो, तुम्हाला कशी लागेल? समोर रस्ता दिसतो, वळण कधी येणार हे आधी कळतं. मागे बसलेल्याला दिसते पुढच्या सीटची पाठ. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण डावी-उजवीकडे झुलतोय. या दोघांचं भांडण पोटात निस्तरतं. मुलं मोबाइल बघत बसली की त्यांना अजून लवकर लागते, ते यामुळेच. त्यातून गाडी उंच असली की वळणावर झुलणंही जास्त.

कुठली सीट बरी, हे बैलगाडीत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. चाकाच्या बरोबर वर बसलं की दणका सरळ मणक्यात. सात आसनी गाडीची शेवटची सीट मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते. मधली सीट दोन्ही चाकांच्या मध्ये, म्हणून तिथे धक्का कमी. आमच्याकडे पूर्वी ‘लहान अंगाची’ म्हणून मुलांना आणि मला मागे बसवायचे. आता मागे जो तक्रार न करता बसू शकतो तो बसतो, म्हणजे बहुतेक वेळा दीर.

हवेचं प्रेशर हीसुद्धा आरामाचीच गोष्ट आहे. पंपावरचा मुलगा ‘किती?’ विचारतो आणि पुढून कुणीतरी अंदाजे आकडा सांगतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की बहुतेक गाड्यांत कडेला एक स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं प्रेशर वेगवेगळं दिलेलं असतं. हवा जास्त झाली की गाडी चेंडूसारखी उडते आणि आपण म्हणतो सस्पेन्शन गेलं. आमच्या एका मैत्रिणीनं हा स्टिकर दाखवून मेकॅनिकचा मोठा खर्च वाचवला, असं ती प्रत्येक भिशीला सांगते.

मागच्या सीटच्या बेल्टबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. तोवर मागे बेल्ट लावायचा असतो हेच किती घरांत माहीत नव्हतं. नियम आधीपासून आहे. समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर न लावल्यास एक हजार रुपये दंड. पण आपण गाडी घेतल्या घेतल्या काय करतो? छान फुलाफुलांचं, नाहीतर लेदरचं सीटकव्हर घालतो, आणि मागच्या बेल्टची बक्कलं कायमची त्याखाली गाडली जातात! मी शिवणाची कात्री घेऊन बसले आणि तिन्ही ठिकाणी काप देऊन, काजं करावी तसं गोट लावून बक्कलं बाहेर काढली. डिकीत समोरासमोर आडव्या सीट असलेल्या गाड्या अजून आपल्या गावांत खूप आहेत. त्या सीटवर मुलांची मज्जा होते. पण बऱ्याचशा अशा सीटना बेल्टच नसतो, आणि मागून ठोकर बसली तर पहिला मार तिथेच.

आता भरवसा. पुरुषांच्या बोलण्यात ‘रिलायबल’ गाडी म्हणजे इंजिनचं काम लवकर न निघणारी. आम्हा बायकांचा प्रश्न वेगळा असतो. बंद पडली तर कुठे पडेल, आणि तेव्हा गाडीत कोण असेल?

ऑगस्ट महिना. सासूबाईंची कराडला तपासणी. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून मी चालवत होते, मागे सासूबाई आणि शाळा बुडवून आलेला मुलगा. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मग एक गोडसर वास आला. कूलंटचा वास असा गोडसर असतो, हे मला गाडी शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. त्यांनी हेही सांगितलं होतं, की काटा लाल पट्टीकडे गेला तर थांबायचं, इंजिन बंद करायचं, आणि काही झालं तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मुलानं चाकांमागे दगड लावले. धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसेना. मोबाइलला रेंज नाही.

पाऊण तासानं सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, मला जायला लागेल.’’

ब्रेकडाऊनच्या गप्पा सगळे मारतात, पण हे कुणी सांगत नाही. मणक्याचं ऑपरेशन झालेली सत्तरीची बाई, उतार, चिखल, एका बाजूला दरी आणि शेजारून जाणारे ट्रक. चौकी खाली ठेवून त्यांना उतरवलं. गाडीची दोन्ही दारं उघडून त्यांच्यामध्ये आडोसा केला, वरून छत्री, पुढून शाल धरून मी उभी. मुलाला घाटाकडे तोंड करून उभं केलं. आत आल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, ‘‘गाडी चांगली आहे हो. दारं मोठी आहेत.’’ आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

एका एसटीच्या ड्रायव्हरनं थांबून चौकशी केली, खाली निरोप दिला. तासाभरानं अलोऱ्याहून एक मेकॅनिक मोटारसायकलवर आला. रेडिएटरचा रबरी पाइप मऊ पडून क्लॅम्पपाशी फाटला होता. त्यानं फाटका भाग कापून पाइप पुन्हा बसवला, नवा क्लॅम्प लावला, बाटलीतलं पाणी भरलं. साडेतीनशे रुपये. वर सल्ला दिला, ‘‘ताई, कराडला नवा पाइप टाकून घ्या, हा लय दिवस नाही टिकायचा.’’

घरी आल्यावर मी सर्व्हिसिंगची कागदं काढली. दोनच आठवड्यांपूर्वी गाडी वर्कशॉपमधून आली होती. तपासणीच्या यादीत ‘होज पाइप’समोर बरोबरची खूण, यादीतल्या सगळ्याच ओळींसमोर एकाच हातानं, एका दमात केल्यासारखी. बिलात इंजिनाला पॉलिश मारल्याचे पैसे होते. फोन केला तर ‘‘मॅडम, सरांना बोलायला सांगा’’! मी म्हटलं, घाटात सर नव्हते, मी होते. तिसऱ्या फोनला मॅनेजर आला आणि नवा पाइप फुकट बसवून मिळाला. तेव्हापासून गाडीची फाइल माझ्या कपाटात, रेशनकार्डाच्या शेजारी असते.

त्या फाइलमुळे एक गोष्ट नीट कळली. घरची गाडी टॅक्सीसारखी धावत नाही, वर्षाला जेमतेम दहा-पंधरा हजार किलोमीटर. म्हणून आपण म्हणतो, कुठे चालते, कशाला खर्च? पण रबर, बॅटरी, ब्रेकऑइल हे किलोमीटरवर नाही, वयावर खराब होतात. ब्रेकऑइल हवेतली ओल शोषतं, कोकणात तर विचारूच नका. बहुतेक गाड्यांत ते दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमकं दिलेलं असेल. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी चांगली दिसते म्हणून आठ-दहा वर्षांचा टायर घाटात नेऊ नये. आणि उंदीर! गरम इंजिनापाशी येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. आम्ही पावसाळ्यात रोज रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतो. अंधार आणि ऊब गेली की त्यांना मजा येत नाही.

माझ्या सांगलीच्या नणंदेची तऱ्हा वेगळी. तिच्याकडे २०२१ ची डिझेल गाडी. काम काय, तर मुलांची शाळा तीन किलोमीटर, भाजी, क्लास. वर्षभरात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायला लागला. वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू. ‘‘वहिनी, आमची गाडीच फॉल्टी निघाली.’’ गाडी फॉल्टी नव्हती. एप्रिल २०२० पासून बीएस सहा नियम आला, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळकांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळायला गाळणी चांगली तापावी लागते आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावायला हवी. शाळेच्या फेऱ्यांत ती तापतच नाही, गाळणी तुंबते. आता ती दर पंधरा दिवसांनी रविवारी गाडी नरसोबाच्या वाडीला नेते. दत्ताचं दर्शन होतं, गाळणी साफ होते. दिवा लागलेला नाही. पण गावातल्या गावात फिरायला गाडी हवी असेल तर पेट्रोलचीच घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. डिझेलमध्ये वाचणारे पैसे अशा घरात वाचत नाहीत.

आणि पूर. २२ जुलै २०२१ चा दिवस चिपळूणकर कसा विसरेल! वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, गाड्या टपापर्यंत बुडाल्या. आम्ही उंचावर, वाचलो. बाजारातल्या मैत्रिणीच्या घरी पाणी ओसरल्यावर कुणीतरी ‘बघू तर’ म्हणून किल्ली फिरवली. इंजिनात पाणी असताना चालू करायला गेलं की पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. विमा कंपनी म्हणाली, पुराचं नुकसान देतो, पण चालू केल्यामुळे झालेलं इंजिनाचं देत नाही. त्यासाठी वेगळं कव्हर घ्यायला हवं होतं. नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांनी विम्याचं नूतनीकरण करताना ‘इंजिन प्रोटेक्शन’ आहे का, हे विचारून घ्यावं. आणि बुडालेली गाडी ढकलत न्यावी, किल्ली लावू नये.

सध्या आमच्याकडे नव्या गाडीचं वारं आहे. चहावर चहा सुरू झालेत. या वेळी मी आणि सासूबाईंनी आधीच यादी केली. सीटची उंची, वर चढताना धरायला हँडल, मागच्या सर्व सीटना खांद्यावरून येणारा बेल्ट, शेवटच्या रांगेला एसीची जाळी, आणि भारत एनकॅपचे तारे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ही चाचणी होते. त्यात मोठ्यांचे तारे वेगळे आणि लहान मुलांचे वेगळे असतात. जाहिरातीत कुठले दाखवलेत ते बघायचं.

गेल्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह झाली. मी स्टिअरिंगवर, सासूबाई मधल्या सीटवर, नवरा पुढे. शोरूमचा मुलगा पुढे बसायला आला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘बाळा, तू शेवटच्या सीटवर बस. आमच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे बसणार आहे.’’ बिचारा गुडघे हनुवटीला लावून बसला. बायपास सोडून मी मुद्दाम खेर्डीच्या खड्ड्यांतून घेतली. उतरल्यावर त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, दुसरं मॉडेल पण आहे, त्यात मागे एसी येतो. दाखवू का?’’

या रविवारी ते बघायला जायचंय. चौकी बरोबर नेणार आहोत.